फळीवरची मंडळी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी बेकरीवाल्या बाई नवी कवळी घालून बघायला आल्या होत्या. वरची कवळी त्यांना टोचत होती. बाबांनी त्यांना नेहमीचं वाक्य म्हणायला लावलं: सशाने सासूचं शेत सपाट केलं. कवळी नीट बसली नसेल तर या वाक्यात शिट्टी वाजते. बाईंची वाजली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कवळी उजेडात धरून आतला एक बारीकसा उंचवटा घासून काढला आणि पुन्हा बसवून दिली. सशाने पुन्हा शेत सपाट केलं, या वेळी शिट्टीशिवाय. बाई आरशात बघत म्हणाल्या की सासूचं खरंच शेत असतं तर पहाटे उठून पाव कोण भाजत बसलं असतं. बाबा हसले. मी बाहेर पडण्याच्या घाईत होते. ग्रंथालय उघडायची किल्ली माझ्याकडे असते.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं कामाचं ठिकाण. खिडकीखाली टेबल, टेबलावर घासायचं चाक, मेणाचा दिवा, अर्धवट गुलाबी हिरड्या, आणि दातांचे खोके. त्यात पांढऱ्या रंगाच्या इतक्या छटा की वाण्याकडे साखरेच्याही नसतील. दाताच्या डॉक्टरांनी तोंड मोकळं करून दिलं की लोक बाबांकडे येत. बाबा एका पत्र्याच्या पसरट भांड्यात गुलाबी लगदा भरून तो त्यांच्या तोंडात दाबून धरत आणि माप घेत. लगदा घट्ट होईपर्यंत माणसाला तोंड मिटता येत नाही, बोलता येत नाही, श्वास नाकानेच घ्यावा लागतो. पुष्कळांना घाबरायला होतं. म्हणून बाबा तेवढ्या वेळात डोळे मिटून त्या माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करत. त्याचं नाव घेऊन, घरच्यांची नावं घेऊन, गुडघेदुखीसकट. शेवटी तो माणूस घशातून हुंकार देई. बाबा त्याला आमेन धरत.

मग त्या मापातून प्लास्टरचा जबडा तयार होई, आणि जबड्यावर कवळी. कवळी गेली की इतर कारागीर जबडा फेकून देतात. बाबांना ते जमलं नाही. एखाद्यासाठी प्रार्थना केली आणि मग त्याचं तोंड कचऱ्यात टाकलं, हे त्यांना बरं वाटेना. त्यांनी भिंतीला एक लांब फळी ठोकून घेतली, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी. प्रत्येक जबड्याच्या खाली पेन्सिलीने नाव. रोज सकाळी स्टुलावर बसून ते एकेक जबडा हातात घेत, मऊ ब्रशने धूळ झटकत आणि ते नाव देवापुढे घेत. एवढंच ते करत.

पण आमच्या मंडळीने, म्हणजे ज्या चर्चला आम्ही जातो तिथल्या सगळ्या लोकांनी, यातून भलतंच काढलं. सुरुवात कुणी केली ते आता सांगता यायचं नाही. कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या नावाची प्रार्थना रोज सकाळी फळीवर होतेच आहे, मग आपण वेगळी कशाला करायची. एका घरात एक दिवा लागला की पुरे. पुढेपुढे ज्यांचे दात धडधाकट होते तेही नुसतं माप द्यायला येऊ लागले. लग्न ठरलेली जोडपी आली. चर्चचे नवे पाळकसाहेब नेमणुकीवर आले ते सामान लावायच्या आधी आमच्याकडे येऊन तोंड उघडून बसले. ज्यांच्या बाळांना अजून दात आले नव्हते, त्या आया रडकुंडीला येत. रस्त्यात कुणी विचारलं, देवावर विश्वास ठेवता का, तर आमची माणसं शांतपणे सांगत, “ठेवलाय ना, कवळीवाल्यांकडे.”

बाबा कुणाला नाही म्हणत नसत. ते प्रत्येकाला सांगत, तुमचं तुम्हीही बोलत जा बरं का त्याच्याशी. पण हे सांगायची वेळ अशी की समोरच्याचं तोंड लगद्याने भरलेलं. तो मान हलवायचा.

मंडळीचे सेक्रेटरी हे जमीन मोजणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी एकदा बाबांना विचारलं की पुनरुत्थानाच्या दिवशी आमचे मूळचे दात असतील की तुम्ही केलेले. बाबा म्हणाले, माझे असतील आणि टोचले तर तिथेही घेऊन या.

त्या आदल्या दिवसाच्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवायला बसलो. बाबांनी नेहमीप्रमाणे जेवणाआधीची प्रार्थना केली. आमच्या घरात ती त्यांनीच करायची, जसं नळ दुरुस्त करणं त्यांच्याकडे आणि पत्रव्यवहार माझ्याकडे. मग त्यांनी विचारलं की सध्या काय वाचतेस. मी सांगितलं, देव सिद्ध करता येतो का यावरचं एक जाड पुस्तक.

“झाला का सिद्ध?”

“अजून निम्मं राहिलंय.”

“झाला की सांग,” ते म्हणाले. “तोवर मी त्याच्याशी बोलून घेतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले तेव्हा ते ब्रश हातात धरून स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. मधल्या फळीच्या अर्ध्यापर्यंतचे जबडे स्वच्छ होते. पुढच्यांवर धूळ होती. चहा मी खाली ठेवला. डॉक्टर येऊन गेले, आत्या आली, लोक आले, आणि तो कप संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

भेटायला येणारे आधी माझ्याजवळ येत, माझा हात हातात घेत आणि मग फळीकडे बघत. ज्यांचे जबडे झटकून झाले होते ते जरा सुटल्यासारखे दिसत. ज्यांचे राहिले होते ते घुटमळत. एका शिक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्या दिवशीची त्यांची प्रार्थना राहिली, तर ती आता कुणाकडे मागायची. आत्या ऐकत होती. ती बाबांची धाकटी बहीण, आणि तिला हळू बोलता येत नाही. ती म्हणाली, “माझा भाऊ गेला त्याचं काही नाही, यांची धूळ राहिली.”

दफनाच्या वेळी जे झालं त्याबद्दल आमच्या मंडळीत अजून कुणी बोलत नाही. पाळकसाहेब खड्ड्याच्या कडेला उभे राहिले, म्हणाले, आपण प्रार्थना करू या, आणि त्यांना दातखीळ बसली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांनी आशेने सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी बेकरीवाल्या बाईंकडे. बाईंनी शिक्षकांकडे. नजर अशी सगळ्या मंडळीतून फिरून परत पाळकसाहेबांवर आली. इतक्या वर्षांत कुणी स्वतःचं एक वाक्य देवाशी बोललेलं नव्हतं आणि आता सुरुवात कशी करतात तेच कुणाला आठवेना. मलाही आठवेना. सेक्रेटरी माझ्या मागून पुटपुटले, “जबडे आणायला हवे होते.” शेवटी मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. सगळे एकसुरात आमेन म्हणाले, आणि बाबांना खाली सोडण्यात आलं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी खरोखरच जबडे नेले. बेकरीच्या हातगाडीवर, पाव ठेवायच्या लाकडी खोक्यांतून, वर ओली फडकी घालून. सेक्रेटरींनी ते चर्चच्या बाकांवर एकेक करून मांडले. कोण कुठे बसतं याची हद्द त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाही. मग लोक आले तर बसायला जागा नाही. स्वतःच्या जबड्याला सरक म्हणणं कुणालाच प्रशस्त वाटेना, म्हणून सगळे मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. एक आजोबा आपल्या जबड्याशेजारी टेकले तर सेक्रेटरींनी त्यांना उठवलं. एका माणसाला दोन जागा कशा मिळतील. पुष्कळ जण आलेच नाहीत. आपला जबडा गेलाय म्हटल्यावर ते निर्धास्त झोपले. पाळकसाहेबांनी त्या दिवशी बहारीचं प्रवचन केलं. बाहेर पडताना मला म्हणाले की ताई, इतकी एकाग्र सभा मी पाहिली नव्हती, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही की जांभई दिली नाही. मी म्हटलं, तोंडं तर सगळ्यांची उघडीच होती. ते म्हणाले, तेच तर.

तरी आठवडाभरात सगळ्यांना काहीतरी कमी पडू लागलं. जबडे होते, मांडणी होती, पण ब्रश फिरवून नाव घेणारा माणूस नव्हता. लोक रस्त्याने गालाला हात लावून चालत, दात दुखत असल्यासारखे. मग एका संध्याकाळी पाळकसाहेब, सेक्रेटरी आणि बेकरीवाल्या बाई आमच्याकडे आले. जबडे त्यांनी तोवर परत आणून फळीवर लावले होते. ते त्यांच्याखालीच रांगेने बसले.

सेक्रेटरींनी मुद्द्याला हात घातला. घर मला मिळालं, घासायचं चाक मला मिळालं, तेव्हा हेही ओघानेच माझ्याकडे येतं. मी त्या स्टुलावर बसायचं, रोज सकाळी ब्रश फिरवायचा, नावं घ्यायची, आणि सगळ्या मंडळीच्या वतीने विश्वास ठेवायचा. येत्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून पहिली प्रार्थना करायची, म्हणजे काम रीतसर सुरू झालं. ग्रंथालयाच्या वेळा ते सांभाळून घेणार होते.

मी म्हटलं की मला हे येत नाही. बाई म्हणाल्या, “अगं, एवढी पुस्तकं वाचतेस. तुला काय जड आहे?”

“पुस्तकं वाचून येत असतं,” आत्या आतून म्हणाली, “तर मी स्वयंपाकाचं वाचूनच जेवायला वाढलं असतं.”

पाळकसाहेब फार नम्रपणे म्हणाले की आमच्या कुणाच्यानेच होत नाही हो. त्यांनी घरी दार लावून प्रयत्न केला होता. हे स्वर्गीय पित्या, इथपर्यंत आलं, आणि पुढे त्यांना आपण परक्याच्या घरी न विचारता शिरल्यासारखं वाटलं. मला त्यांची कीव आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं.

मला ते हसण्यावारी नेता येईना. कारण ते मला जे मागत होते त्याच्या आत दुसरा प्रश्न होता, जो त्यांना माहीत नव्हता. माझ्याकडे स्वतःचा असा काही विश्वास आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी चर्चला जात आले ती बाबांबरोबर. गात आले ती सगळ्यांबरोबर. देवाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, त्याच्या बाजूचं आणि विरुद्धचंही, आणि कुणी वाद घातला असता तर दोन्ही बाजूंनी लढले असते. पण त्याला तू म्हणून हाक मारली नव्हती. बाबा गेल्यापासून मी रोज ताटासमोर बसत होते आणि प्रार्थना कुणीतरी सुरू करील म्हणून थांबत होते. पहिल्या दिवशी आत्या थोडा वेळ थांबली आणि मग तिने घास घेतला. जेवण गार झालेलं देवाला चालत असेल, म्हणाली, मला चालत नाही.

म्हणजे हो म्हटलं तर माझ्याकडे नसलेली गोष्ट मी सगळ्या गावाला वाटणार होते. नाही म्हटलं तर एकदा कायमचं कबूल करावं लागणार होतं की ती नाहीच.

मी विचार करायला वेळ मागितला. सेक्रेटरी म्हणाले, अवश्य, तोवर आपण फळीची मोजदाद करून टाकू. ते स्टुलावर चढले आणि एकेक जबडा उलटा करून खालचं नाव वाचू लागले. पाळकसाहेबांचा निघाला. बाईंचे दोन निघाले, जुना आणि नवा. आत्याचा निघाला, ती म्हणाली, हा माझा नाही, माझी हनुवटी एवढी पुढे नाही. माझाही निघाला, दुधाचे पुढचे दात पडलेले असतानाचा, आणि बाई त्याला मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मंडळी सोडून गेलेल्यांचे निघाले. ज्यांच्याशी बाबांचं पटत नव्हतं अशा एका घरमालकाचा निघाला, सगळ्यांत स्वच्छ.

तिन्ही फळ्या संपल्या. सेक्रेटरी खाली उतरले आणि गोंधळून म्हणाले, “त्यांचा स्वतःचा कुठेय?”

आम्ही शोधला. टेबलाखाली, दातांच्या खोक्यांमागे, कपाटात. पाळकसाहेब गुडघ्यांवर बसून चाकाच्या मागे हात घालून बघत होते. बाबांची स्वतःची कवळी होती, तिला जबडा लागला असणारच. पण तो त्यांनी ठेवलेला नव्हता. अख्ख्या गावाची तोंडं त्या भिंतीवर होती, फक्त बाबांचं नव्हतं.

बाई घाबरल्या. “मग त्यांचं कोण बघायचं?”

आत्या दारात उभी होती, हातात भांडं आणि फडकं. ती जराशा नवलाने म्हणाली, “कोण म्हणजे? त्याचं तोच बघायचा.”

हा विचार त्यांच्यातल्या कुणालाच कधी सुचला नव्हता आणि आता सुचल्यावर तो त्यांना जरा अश्लील वाटत होता. एखाद्याला आंघोळ करताना पाहिल्यासारखा. सेक्रेटरी म्हणाले की हे नियमाला धरून नाही. पाळकसाहेब हळूच म्हणाले, “पण चालत होतं की.” मग ते तिघं उठले. जाताना बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रविवारी येच म्हणून सांगितलं.

मधल्या दिवसांत मी एका सकाळी स्टुलावर बसून पाहिलं. हाताला आला तो जबडा घेतला, धूळ झटकली, नाव घेतलं. शिक्षकांचं होतं. मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की ते पुस्तकं उशिरा परत करतात. देवाला ते सांगण्यात अर्थ नव्हता. बाबांना माहीत होतं की त्यांची बायको त्यांच्याशी जेवताना बोलत नाही, आणि ते त्यांना माहीत होतं कारण त्यांनी विचारलं होतं. मी जबडा जागेवर ठेवला. आणि तेव्हा माझ्या एकदम लक्षात आलं की इतके दिवस मी ज्याला दुःख म्हणत होते त्याच्या खाली वेगळंच काही आहे, आणि ते कुणावर तरी आहे. खोलीत मी एकटी होते. बाबांवर ते नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये बाकांवर पुन्हा जबडे होते आणि भिंतीला टेकून माणसं. या वेळी सगळे आले होते, कारण बातमी पसरली होती. आत्या एकटीच पहिल्या बाकावर बसली होती. आपला जबडा तिने उचलून मांडीवर ठेवला होता, आणि सेक्रेटरींची तिला उठवण्याची हिंमत झाली नव्हती. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. त्यांनी जाहीर केलं की कवळीवाल्यांची कन्या आता आपल्या सर्वांच्या वतीने प्रार्थना करील. सगळ्यांनी डोळे मिटले. खांदे सैल पडलेले मला दिसले. ओझं उतरवायला आलेल्या माणसांचे पडतात तसे.

मी पुढे उभी राहिले. समोर उघडी तोंडं होती, आणि त्यांच्यामागे मिटलेली. माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. बाबा टेबलाशी डोळे मिटत, मला ते जमलं नाही. मी दरवाजाच्या वरच्या काचेकडे बघत राहिले. तिच्यावर पाखरांची घाण वाळली होती आणि तिच्यातून उजेड येत होता. मागे कुणीतरी खोकलं, आणि चार-दोन जण घाईने आमेन म्हणाले.

“अजून नाही,” मी म्हटलं.

मग मी म्हणाले, “देवा, यांचं मी सांगणार नाही. मला यांचं माहीत नाही, ते तुला हेच लोक सांगतील. मी माझं सांगते.”

मागे डोळे उघडले गेले. सेक्रेटरी एक पाऊल पुढे आले आणि आत्याने मान न वळवता हात आडवा धरला. माझा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, पण तो थांबला नाही.

“मला तुझा फार राग आलाय. मी रोज सकाळी उठते आणि आधी तो येतो, मग बाबा गेल्याचं आठवतं. तू नसतास तर एवढा राग मी कुणावर काढला असता, मला कळत नाही. म्हणजे तू आहेस. हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि हे बाबांचंही नाही. एवढंच माझ्याकडे आहे. ते घे. बाबांना तुझ्याजवळ ठेव. आणि मला सोडून जाऊ नकोस.”